अकराशे पौंड

रविवारी सकाळी दोन हमालांनी यशवंतपूरच्या गोदामातला वजनकाटा हातगाडीवरून आणून मल्लेश्वरमच्या घरापुढच्या अंगणात उतरवला, तेव्हा हेमलता पोह्यांना फोडणी देत होती. खिडकीतून तिला आधी काटा दिसला. मग काट्याशेजारी वही घेऊन उभे असलेले उमाकांतभावजी दिसले.

"खरंच आणवला," ती म्हणाली.

"काय आणवलं?" नवऱ्याच्या आत्या चंद्राक्का विळीवर खोबरं खवत होत्या.

"काटा. गूळ तोलायचा. आता आपल्याला तोलणार."

"तोलू दे की. तोलल्यानं काय झिजणार आहोत काय?"

हेमलताने पोहे परतले. तीन आठवडे या घरात दुसरा विषय नव्हता. गुळाचा व्यापार करणाऱ्या तिच्या नवऱ्याने, रत्नाकरने, लष्कराच्या डिस्पोजल लिलावातून ती अमेरिकन मोटार आणली तेव्हापासून पोहे खाताना मोटार, झोपताना मोटार. लढाईत माणसं आणि दारूगोळा वाहून नेलेली, कमरेएवढ्या उंच चाकांची ती गाडी. तिच्यावर कलासिपाळ्यच्या सुताराकडून त्याने सागवानी डबा बांधून घेतला होता. आत समोरासमोर दोन बाकं, वर सामानाला लोखंडी कठडा. रत्नाकर तिला व्हॅन म्हणे. धाकटी जाऊ नयना गाडा म्हणे. मुलं त्याच्यासमोर व्हॅन म्हणत आणि पाठीमागे गाडा.

येत्या पौर्णिमेला घरातल्या दहाही माणसांनी एकत्र सौंदत्तीला, कुलदेवीला जायचं, यासाठी ती आणली होती. सासरे होते तोवर हे शक्य नव्हतं. अण्णांना देव आणि नवस दोन्ही खपत नसत. ते जाऊन वर्ष झालं आणि रत्नाकरच्या मनाने एकदम उचल खाल्ली.

पहिल्या दिवशी गाड्याला सगळ्यांत जास्त नावं हेमलतानेच ठेवली होती. मग एका दुपारी चंद्राक्कांची ट्रंक उन्हात घालताना तिला तळाशी एक बोचकं सापडलं. जुन्या इरकलीच्या तुकड्यात लहान मुलाचे केस.

"उमाचं जावळ आहे ते," चंद्राक्का म्हणाल्या होत्या. "दहा महिन्यांचा होता. आई बाळंतपणातच गेलेली, माझ्याच मांडीवर होता. विषमज्वर झाला. डॉक्टरनी डोक्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवायला म्हणून केस काढवले. मी ते उचलून ठेवले आणि यल्लम्माला बोलले, बरा झाला तर त्याला घेऊन येईन आणि हे तुझ्या पायाशी ठेवीन. चौतीस वर्षं झाली."

"मग भावजींना सांगा की."

"नको. अण्णाचा मुलगा तो. हसला तर मला सोसायचं नाही. आता सगळी निघालीतच, तर गपचिप ठेवून येईन."

चंद्राक्का बहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. हुबळी-धारवाडपर्यंत आगगाडी, मग मोटार स्टँड, मग बस, हे त्यांच्याकडून होणार नव्हतं. गाडा मात्र घराच्या पायरीपासून डोंगरापर्यंत जाणार होता. त्या दुपारपासून हेमलताने गाड्याची बाजू घेतली, आणि का घेतली हे तिला कोणाला सांगता येत नव्हतं.

*

उमाकांत विमानांच्या कारखान्यात वजनाच्या विभागात होता. तिथे प्रत्येक सुटा भाग तोलून वहीत चढे आणि वहीत न चढलेली वस्तू विमानात जात नसे. घरातली माणसं याला हसतात हे त्याला माहीत होतं. पण गेल्या रविवारी संपिगे रोडच्या उतारावर गाड्यात पाच माणसं असताना ड्रायव्हर पिराजीने ब्रेक दाबला आणि गाडा थांबायच्या ठिकाणाहून पुढे जाऊन एका टांग्याच्या घोड्याच्या शेपटीला टेकून उभा राहिला, तेव्हा ती पाच माणसं हसत नव्हती.

"गाडी पाऊण टन ओझ्याची आहे," त्याने पुन्हा सांगितलं. "म्हणजे पंधराशे पौंड. दादा, तू बांधलेला डबा चारशेचा. राहिले अकराशे."

"लढाईत दोन टन घालून नेत होते," रत्नाकर म्हणाला. तो काट्याच्या लोखंडी पाट्यावर चढून उभा होता. पाटा कुरकुरला.

"लढाईत किती उलटल्या तेही विचारायचंस लिलावात. हलू नकोस. दोनशे चौदा."

"एवढा नाही मी."

"काटा तुझाच आहे."

"भाऊजींच्या काट्यावर सगळेच जड भरणार," ओट्यावरून नयना म्हणाली. ती पुण्याची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी या घरात ती अजून पाहुणीसारखी ओट्याच्या कडेला उभी राहून बोले.

"गूळ घेणाऱ्याला काही म्हणायचं नसतं, घरच्यांनाच सुचतं," रत्नाकर पुटपुटत उतरला.

हरी आणि गुंडो या रत्नाकरच्या मुलांनी दोन दोन वेळा वजन करून घेतलं आणि दोन पौंडांच्या फरकावरून भांडले. नयना, तिच्या दोन मुली, उमाकांत स्वतः, मग हरी-गुंडोची बहीण प्रतिमा. हेमलता म्हणाली, चारचौघांत मी चढायची नाही. तेव्हा पुरुषांना घराच्या मागे पाठवलं आणि प्रतिमाने आईचा आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी घालून काकाच्या हातात दिला. उमाकांतने तो वाचला आणि चेहरा न बदलता वहीत चढवला. एकशे अठ्ठावन्न. चेहरा न बदलल्याचंही हेमलताला वाईट वाटलं.

शेवटी चंद्राक्का. त्यांना दोघांनी धरून पाट्यावर चढवावं लागलं. उमाकांतने दांडीवरचं वजन सरकवत सरकवत पार मागे आणलं.

"चौऱ्याऐंशी." त्याने पुन्हा पाहिलं. "अक्का, जेवतेस का नाही तू?"

"तुझ्यापेक्षा जास्त जेवते. लिही मुकाट्यानं."

माणसांची बेरीज एक हजार चौऱ्याऐंशी झाली. मग सामान. गाद्या, ट्रंका, पितळी भगुणी, स्टोव्ह, नारळाचं पोतं, लोणच्याची बरणी, देवीची परडी. हे दोनशे साठ. दोनशे चव्वेचाळीस पौंड जादा.

यानंतरचा दीड तास उमाकांतला पुढेही कधी नीट आठवला नाही. आठवली ती फक्त एकामागून एक उतरवलेली भांडी. गाद्या काढल्या. हेमलता म्हणाली, धर्मशाळेच्या फरशीवर अक्कांनी झोपायचं का, म्हणून एक परत ठेवली. नारळ तिथेच मिळतील असं नयना म्हणाली. तिथले महाग असतात, असं रत्नाकर म्हणाला. ज्याने लिलावात मोटार घेतली त्याने नारळाचा भाव पाहावा, याचं नयनाला इतकं हसू आलं की ती आत निघून गेली. लोणच्याच्या बरणीवरून दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आणि काही वेळ प्रतिमाच्या मार्फत बोलले.

सामान शहाण्णव पौंडांवर आलं. तरी ऐंशी जादाच.

*

प्रतिमा सेंट्रल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. आपल्याला कोणी विचारणार नाही हे ओळखून ती आपण होऊनच आली. तिच्या हातात कापसाचे दोन बोळे होते.

"काका, वजन झालं असलं तर हे बघा. हा मागच्या दारच्या तगरीच्या पानांवरून फिरवलेला. आणि हा गाडी उभी असते तिथल्या तगरीवरचा."

पहिला बोळा मळकट होता. दुसरा तव्याखालून पुसल्यासारखा काळा.

"तीन आठवड्यांत," ती म्हणाली. "पिराजी रोज सकाळी इंजिन तापवतो ना, त्याचा धूर. आई, तुझे सांडगे त्याच भिंतीवर वाळतात."

"तरीच," गुंडो म्हणाला.

"आणि तेल गळतं ते पन्हाळीतून गटारात जातं. गटार तळ्याला मिळतं. परवा मी पाहिलं, पाण्यावर रंग पसरले होते."

"तळं केवढं आणि तेल केवढं," रत्नाकर म्हणाला. "मुलीला शिकवलं की बापाच्या गाडीचा धूर मोजते."

"मोजला नाही अजून. मोजायचं साधन कॉलेजात नाही. पण पेट्रोल मोजलंय. गॅलनला आठ मैल. सौंदत्ती जाऊन येऊन सत्तर गॅलन, बाबा. आगगाडी आपण बसलो नाही तरी जाणारच आहे."

भिंतीपलीकडून शेजारच्या हयवदनरावांनी डोकं वर काढलं. पोरीचं ऐकूनच काढलं असावं. "रत्नाकर," ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "सकाळी स्वल्प लवकर बंद करा ना ते. आमच्या घरात संध्येला धूप लावायचं कामच राहिलं नाही."

"सरी, सरी," रत्नाकर कानडीत हो म्हणाला आणि ओट्यावर बसला. त्याच्याकडे पाहून नयनाला पहिल्यांदाच त्याची कीव आली. या माणसाने सगळं घर एका जागी बसवायचा घाट घातला होता आणि तीन आठवडे प्रत्येक जण येऊन त्यातला एकेक खिळा उपटत होता.

"भाऊजी," ती जरा मऊपणाने म्हणाली, "दोन तुकड्या करू. निम्मे आगगाडीने. मी आणि मुली जातो ना."

"मग एकत्र कसलं? डोंगराच्या पायथ्याशी घरातली सगळी डोकी मोजून मगच पायरी चढायची, ही आपल्या घरची रीत. आजोबांच्या वेळेपर्यंत चालली."

"डोकी पायथ्याशी मोजायची ना? तिथे कशाने पोहोचलो ते देवी विचारते का?"

"ऐंशी पौंड," उमाकांत वहीकडे पाहत म्हणाला. "ऐंशीच पौंडांचा प्रश्न आहे. वरच्या कठड्यावर एक पिशवीसुद्धा नको, वळणावर डबा डुलतो. आणि अकराशेवर मी मुलींना बसू देणार नाही. माफ करा, पण नाही."

हेमलताने दारातून चंद्राक्कांकडे पाहिलं. चंद्राक्का ओट्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि वहीकडे पाहत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

*

चंद्राक्कांना कोणी सांगायची गरज नव्हती. एकोणिसाव्या वर्षी परत माहेरी आल्यापासून या घरात काही कमी पडलं की ते कोणाच्या वाटणीतून जातं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी समजत असे. त्यात कोणाचा दुष्टावा नसे. भाऊ चांगला होता, त्याची मुलंही चांगली होती. पण ऐंशी कमी करायचे आणि आपण चौऱ्याऐंशी. हिशोब एवढा सरळ होता की कोणी तोंडाने म्हणायच्या आत आपण म्हटलेलं बरं.

"मी राहते," त्या म्हणाल्या. "गाईला कोण बघणार नाहीतरी."

"अक्का, तसं नाही," रत्नाकर म्हणाला.

"तसंच आहे. गुडघे घेऊन डोंगर कुठला चढते मी? खालीच बसून राहणार. त्यापेक्षा घरी बसते."

उमाकांतने वर पाहिलं. त्याला बरं वाटलं नव्हतं, पण सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "नक्की का, अक्का?" त्याने विचारलं.

"सांगितलं की."

त्याने चंद्राक्कांच्या नावावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली. एक हजार शहाण्णव. चार शिल्लक. त्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, कारखान्यात ओढतात तशा.

चंद्राक्का उठून हळूहळू आत गेल्या. त्यांच्या ट्रंकेचं झाकण उघडून पुन्हा बंद झाल्याचा आवाज हेमलताला ऐकू आला. हातातली परात तिने ओट्यावर जरा जोरानेच ठेवली.

"झालं एकदाचं," रत्नाकर म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून झालं असं कोणाला वाटलं नाही.

पिराजी इतका वेळ गाड्याच्या पायरीवर बसून होता. निपाणीकडचा माणूस. लष्करात ट्रक चालवलेला, कमी बोलणारा. तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि उमाकांतच्या वहीकडे बोट केलं.

"धाकले सायेब, एक विचारू? मी कुठं बसायचं?"

"कुठं म्हणजे? गाडी चालवायला."

"व्हय. ते हाईच. पर माजं वजन कुणी केलं न्हाई."

उमाकांतने वही पाहिली. वरपासून खालपर्यंत पाहिली. परडी होती. लोणच्याची बरणी होती, झाकणासकट आणि झाकणाशिवाय. पिराजी नव्हता. कारखान्यात वैमानिकाचं वजन दुसरा विभाग धरत असे आणि तो आकडा वहीत आधीच छापून येई. बारा वर्षांत त्याने तो एकदाही लिहिला नव्हता.

नयना आधी हसली, मग मुलं हसली. उमाकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पिराजी न सांगता काट्यावर चढला. एकशे अठ्ठावीस.

"एकशे चोवीस जादा," प्रतिमाने तोंडीच सांगितलं.

"म्हणजे आता आणखी कोण?" रत्नाकर म्हणाला. "एकेकाला असं उतरवत राहिलात तर पिराजी आणि परडी एवढेच जातील देवीला. मला कंटाळा आला. विकून टाकतो. प्रतिमाचा धूर गेला, हयवदनरावांचा धूप वाचला. करा सगळे मजा."

"विकू नका," हेमलता म्हणाली.

ती ओट्यावरून खाली उतरली. तिचा आवाज चढलेला नव्हता. इतके दिवस ती नवऱ्याची बाजू घेऊन भांडत आली होती, म्हणून रत्नाकरने आशेने तिच्याकडे पाहिलं.

"भावजी, ती रेघ खोडा. अक्का जाणार."

"वहिनी, मी आकडे बदलू शकत नाही."

"आकडे नका बदलू. माणूस बदला. अहो, तुम्ही उतरा."

"कोण, मी?"

"दोनशे चौदा. काटा तुमचाच आहे."

रत्नाकरने आजूबाजूला पाहिलं. कोणीच त्याच्या मदतीला आलं नाही. "गाडी मी घेतली," तो म्हणाला. "घर एकत्र जावं म्हणून मी घेतली. आणि मीच नाही?"

"तुम्ही आदल्या दिवशी आगगाडीने निघा. पायथ्याशी येऊन थांबा. आम्ही आलो की तुमचंही डोकं मोजू. तुमचे गुडघे शाबूत आहेत. अक्कांना आगगाडीतून उतरून, बस धरून जाणं होणार नाही."

"अक्का आपणहून राहते म्हणाली," उमाकांत म्हणाला.

"त्या नेहमीच आपणहून राहतात." हेमलता थांबली. अक्कांना शब्द दिला होता. पण त्या शब्दाचं ओझं कोणी तोललं नव्हतं आणि तिला ते आता पेलेना. "तुमचं जावळ आहे त्यांच्या ट्रंकेत, भावजी. चौतीस वर्षं. तुम्ही तापात होता तेव्हाचा नवस. तुम्हाला घेऊन जायचं आणि ते देवीच्या पायाशी ठेवायचं. अण्णा असताना बोलता आलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसाल."

उमाकांतचा हात नकळत डोक्याकडे गेला. तिथे आता फार काही नव्हतं. गुंडो हसणार होता, पण त्याने आईकडे पाहिलं आणि राहिला.

"मी हसलो असतो?" उमाकांतने नयनाला विचारलं.

"हो," नयना म्हणाली. "परवापर्यंत हसला असता."

उमाकांतने वही पुन्हा उघडली. मग हिशोब करू लागला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. दादाचे दोनशे चौदा वजा. पिराजीचे एकशे अठ्ठावीस अधिक. अक्काचे चौऱ्याऐंशी अधिक.

"एक हजार चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "बसतंय. दादा, बसतंय."

रत्नाकर गाड्याकडे पाहत होता. त्याने जाऊन सागवानी दाराची कडी उगीच उघडली, लावली. "दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढा माझं," तो म्हणाला. "तिसऱ्याने जाणार नाही. आणि लोणच्याची बरणी मी नेतो."

"परत आलो की ही यशवंतपूरला," हेमलता म्हणाली. "गोदामात. गूळ वाहू दे. माझे सांडगे काळे नकोत."

"आधी गुळाला विचारा धूर चालतो का," प्रतिमा म्हणाली, पण कापसाचे बोळे तिने फेकून दिले.

उमाकांत आत गेला. चंद्राक्का ट्रंकेवर बसल्या होत्या, बोचकं मांडीवर. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं.

"हेमाला काही तोंडात ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या.

"चल, अक्का. ते घे. तोलायचं राहिलं."

"हे काय तोलायचं?"

"गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लागते."

त्यांना धरून तो अंगणात घेऊन आला. बोचकं त्याने स्वतःच पाट्याच्या मधोमध ठेवलं आणि दांडीवरचं वजन शून्यावर आणलं. सगळे पाहत होते. भिंतीवरून हयवदनरावही पाहत होते. दांडी हलली नाही. गुळाच्या ढेपा तोलणारा काटा तो, त्याला हे कळणार नव्हतं. उमाकांत तरी वाकून पाहत राहिला, वारा थांबायची वाट पाहावी तसा.

मग त्याने वहीत रेघ मारलेल्या नावाखाली चंद्राक्कांचं नाव पुन्हा लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, जावळ, उमाकांत. पुढची जागा मोकळी ठेवली.

"किती भरलं?" चंद्राक्कांनी विचारलं.

आयुष्यात कधी अंदाजे आकडा न सांगितलेल्या माणसाने वही मिटली.

"सहा पौंड शिल्लक होते, अक्का," तो म्हणाला. "बरोबर तेवढंच भरलं."